गोरेगाव, मुलुंड, ॲन आर्बर: मोठ्या औषध कंपन्यांतलं संशोधन कुठे गेलं?

प्रयोगवही

मंडळी, 'भारतात औषधांचं संशोधन कधी नव्हतंच, आपण फक्त नकला केल्या' असा प्रतिसाद मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर वाचला. तिथे उत्तर द्यायला गेले तर विषय फार वाढेल, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी औषधी रसायनशास्त्रात उभी हयात घालवली आहे आणि बहुतेक नोकऱ्या मी सोडल्या नाहीत, प्रयोगशाळाच बंद झाल्या. त्यामुळे या विषयावर तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते.

१९६३ साली गोरेगावात सिबा या स्विस कंपनीचं संशोधन केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. संचालक म्हणून आले प्रा. टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतींतल्या रसायनांवर काम करून त्यांनी जगभर नाव मिळवलं होतं. म्हणजे कंपनीने कारखाना चालवणारा माणूस आणला नाही, शिकवणारा आणि शोधणारा आणला. तिथली मंडळी कंपनीत असूनही विद्यापीठातल्यासारखे शोधनिबंध छापत. नैराश्यावरचं 'सिंटामिल' म्हणजे नायट्रॉक्साझेपिन आणि अमिबावरचं सॅट्रानिडाझोल ही औषधं याच गोरेगावातली. ही नक्कल नव्हे.

मुलुंडला होक्स्ट या जर्मन कंपनीचं केंद्र होतं. त्यांनी भारतातल्या औषधी वनस्पती एकेक करून तपासायला घेतल्या. त्यात कोलियसची एक जात होती, गुजरातेत गरमर म्हणून जिच्या मुळांचं लोणचं घालतात ती. तिच्या मुळांतून रक्तदाब उतरवणारा एक रेणू सत्तरच्या दशकात वेगळा काढला गेला. तोच फोर्स्कोलिन. साधारण त्याच काळात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्यावर काम चालू होतं. पुढे कळलं की हा रेणू पेशीतल्या ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालू करतो. आज पेशींवर काम करणाऱ्या जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत फ्रीजर उघडा, फोर्स्कोलिनची कुपी सापडण्याची शक्यता दाट आहे. त्यापासून केलेलं एक औषध जपानमध्ये हृदयविकारासाठी मंजूरही झालं. सुरुवात मुलुंडमधली!

गोरेगावचं केंद्र ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद झालं. मुलुंडचं १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेलं आणि २०१४ मध्ये पिरामलनेही नव्या रेणूंचं संशोधन थांबवलं. त्याच वर्षी ॲस्ट्राझेनेकाने बंगळुरूचं केंद्र गुंडाळलं. क्षयरोगावर काम करणारी मोठ्या कंपन्यांची केंद्रं आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांतलं ते एक.

आता मूळ मुद्दा. संशोधनाची संस्कृती म्हणजे भिंतीवर लावलेली वाक्यं नव्हेत. बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलावर, ती कशी दिसते ते सांगते. सकाळी रिॲक्शन लावली, दुपारी टीएलसी काढली, म्हणजे मिश्रणाचा थेंब प्लेटवर चढवून त्यातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत पाहिले. प्लेटवर सुरुवातीच्या पदार्थाचा स्पॉट आहे, हवा त्याचाही आहे, आणि यूव्हीखाली दोघांच्या मधे तिसराच एक स्पॉट निळसर चमकतो आहे. आमचे जुने वरिष्ठ मागून जाताना प्लेट उचलून बघायचे आणि म्हणायचे, "हा कोण? वेगळा काढ. एनएमआरला दे." एनएमआर म्हणजे रेणूची रचना ओळखणारं यंत्र. त्यासाठी पदार्थ वेगळा करणारा कॉलम लावायला दोन दिवस गेले तरी कोणी जाब विचारत नसे. नंतरच्या नोकरीत हाच स्पॉट दिसला की वरिष्ठ म्हणायचे, "मुख्य पदार्थ मिळाला ना? पुढचा घे." आठवड्याला किती रेणू दिले त्याचा तक्ता सोमवारी पडद्यावर लागायचा. तो तिसरा स्पॉट आम्ही कितीदा सिंकमध्ये ओतला असेल, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

हे का घडलं यावर चर्चा व्हावी. विशेषतः बाहेरच्या देशांतल्या आपल्या मंडळींनी लिहावं.

सह्यवेडा

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी हैदराबादला एका सीआरओत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी कंत्राटावर संशोधन करणाऱ्या कंपनीत आहे, चार वर्षं होतील. तुम्ही तिसऱ्या स्पॉटबद्दल लिहिलंत. आमच्याकडे तर पहिला स्पॉट कशासाठी बनवतोय हेही ठाऊक नसतं. ग्राहक कंपनी रचना पाठवते, सोबत एक कोड. आजार कुठला, औषध शरीरात कशावर काम करणार, आधीचा रेणू का पडला, काही नाही. आम्ही रेणू बनवतो, शुद्धता तपासतो, कुपीत भरून पाठवतो. तो चालला की पडला हे आम्हाला कधीच कळत नाही.

कामाचा दर्जा वाईट आहे असं नाही. हात तयार होतो, अवघड रिॲक्शनही जमतात. पण रेणूत इथे मिथाइलसारखा छोटा गट घातल्यावर काय झालं हे न कळता मी औषधी रसायनज्ञ कसा होणार? एकदा मीटिंगमध्ये विचारलं की निदान बंद झालेल्या प्रकल्पांचे निकाल तरी बघायला मिळतील का. करारात बसत नाही असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे, करारात बसत नाही.

ताळेबंद

लेख माहितीपूर्ण. मी सीए आहे, औषध कंपन्यांचे हिशेब पाहिले आहेत, तर दुसरी बाजू मांडतो.

एक. भारतातली केंद्रं बंद होण्याचं उघड कारण म्हणजे १९७० चा पेटंट कायदा. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेना, फक्त प्रक्रियेवर मिळे. शिवाय किमतींवर नियंत्रण आणि फेरा कायद्याने परदेशी भांडवलावर मर्यादा. अशा ठिकाणी परदेशी कंपनी संशोधनावर पैसा का घालेल? त्याच कायद्यामुळे आपल्याला स्वस्त औषधं मिळाली, हेही विसरू नये.

दोन. 'एरूमचा नियम' वाचावा. संगणकाच्या चिप्सची क्षमता दर काही वर्षांनी दुप्पट होते, हा मूरचा नियम. त्याचं इंग्रजी नाव उलटं वाचलं की एरूम. २०१२ मध्ये जॅक स्कॅनेल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की १९५० पासून, महागाई वजा करून, दर अब्ज डॉलर संशोधन खर्चामागे मंजूर होणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारण दर ९ वर्षांनी निम्मी होत आली. म्हणजे घसरण तुम्ही ज्याला सुवर्णकाळ म्हणता त्या काळातही चालूच होती. मग दोष व्यवस्थापनाला का? सोपे शोध लागून गेले, थॅलिडोमाइड या गोळीमुळे बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर नियम कडक झाले, आणि नव्या औषधाला आधीच्या चांगल्या व स्वस्त औषधापेक्षा सरस ठरावं लागतं. पैसा परत येत नसेल तर भागधारक विचारणारच.

मंदार_एडिसन

ताळेबंद, पेटंटचा मुद्दा भारतापुरता काही अंशी मान्य. पण फोर्स्कोलिन तो कायदा लागू झाल्यानंतरच्या वर्षांतलं आहे. आणि जिथे पेटंट पूर्ण मिळतं तिथे काय झालं ते बघू.

मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पार्क-डेव्हिसची प्रयोगशाळा होती, वॉर्नर-लँबर्टच्या मालकीची. १९८५ मध्ये ब्रूस रॉथ यांनी तिथे ॲटोरव्हास्टॅटिन बनवलं. आपल्या घराघरात रात्री घेतली जाते तीच कोलेस्टेरॉलची गोळी. त्याआधीची चार स्टॅटिन्स, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी याच वर्गातली औषधं, शर्यतीत पुढे होती. पाचवं कोण घेणार म्हणून कंपनी हे काम सोडायच्या बेतात होती. रॉजर न्यूटन या संशोधकाने वरिष्ठांना अक्षरशः गळ घातली, तेव्हा माणसांवरच्या चाचण्यांना पैसे मिळाले. पहिल्याच चाचण्यांत ते बाकीच्यांपेक्षा जोरदार निघालं. २००० मध्ये फायझरने वॉर्नर-लँबर्ट घेतली ती मुख्यतः या एका गोळीसाठी. पुढे तिची विक्री वर्षाला सुमारे १३ अब्ज डॉलरपर्यंत गेली.

आणि जानेवारी २००७ मध्ये फायझरने ॲन आर्बरची प्रयोगशाळाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन हजारांवर माणसं होती. महिनाभरच आधी टॉरसेट्रॅपिब हे त्यांचं मोठ्या आशेचं औषध शेवटच्या चाचणीत कोसळलं होतं. ते ॲन आर्बरचं नव्हतंच. दोन वर्षांनी मिशिगन विद्यापीठाने तो सगळा परिसर १०८ दशलक्ष डॉलरला विकत घेतला.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. न्यूटन १९९८ मध्येच बाहेर पडले होते, एस्पेरियन नावाची छोटी कंपनी काढून. २००४ मध्ये फायझरने तीही १.३ अब्ज डॉलरला घेतली, आणि ॲन आर्बरबरोबर तीही मिटवली. २००८ मध्ये न्यूटन यांनी कंपनीचं नाव आणि एका बाजूला पडलेल्या रेणूचे हक्क परत मिळवले आणि पुन्हा सुरुवात केली. तो रेणू म्हणजे बेंपेडोइक ॲसिड. फेब्रुवारी २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, मंजूर केला. ज्यांना स्टॅटिनने स्नायू दुखतात त्यांना तो देतात, भारतातही मिळतो. एरूमचा नियम इथे लावून बघा. रेणू तोच, विज्ञान तेच. एका कंपनीत तो अडगळीत होता, दुसरीत औषध झाला. फरक इतकाच की दुसरीकडे त्याला ओळखणारा माणूस होता.

सँडविचचंही तसंच. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं फायझरचं केंद्र. रक्तदाबावरचं ॲम्लोडिपिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रा, सगळी तिथली. फेब्रुवारी २०११ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, २४०० नोकऱ्या. त्याच दिवशी संशोधनाच्या खर्चात मोठी कपात आणि ५ अब्ज डॉलरच्या शेअर्सची फेरखरेदीही जाहीर झाली. भागधारकांना काय मिळालं आणि कशातून, ते तुम्ही सीए आहात, मी सांगायला नको.

मी स्वतः दोन विलीनीकरणांतून गेलो आहे, कंपन्यांची नावं लिहीत नाही. विलीनीकरण जाहीर झालं की पहिलं वर्ष कोणी नवीन काही सुरू करत नाही. दोन्हीकडच्या प्रकल्पांची यादी होते आणि सारखे दिसणारे एकाखाली एक लावतात. कुठला ठेवायचा हे ठरवायला सल्लागार येतात. प्रत्येकाला एक स्लाइड मिळते. आठ वर्षांचं काम एका स्लाइडवर मांडायचं म्हटल्यावर 'उंदरात असं का होतं ते अजून समजलं नाही' हे वाक्य कोणी लिहीत नाही, कारण ते लिहिलं की प्रकल्प गेला. खरं संशोधन मात्र त्याच वाक्यात असतं. चांगली माणसं या काळात निघून जातात, कारण त्यांनाच दुसरीकडे पटकन नोकरी मिळते.

माझ्या घरापासून जवळच न्यू जर्सीतलं रॉवे आहे, मर्क या अमेरिकी औषध कंपनीचं जुनं केंद्र. विल्यम कॅम्पबेल तिथे जनावरांच्या जंतांवर काम करत. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी पाठवलेल्या मातीतल्या जिवाणूतून आयव्हरमेक्टिन आलं. घोड्यांच्या एका परजीवीवर ते चालतं असं दिसल्यावर कॅम्पबेल यांनी संशोधनप्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांना सुचवलं की आफ्रिकेत नदीकाठी तशाच परजीवीमुळे येणाऱ्या अंधत्वावरही ते चालेल. त्यात पैसा मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. व्हॅजेलॉस यांनी परवानगी दिली. पुढे ते कंपनीचे प्रमुख झाले आणि १९८७ मध्ये हे औषध लागेल तितकं, लागेल तोवर फुकट द्यायचं जाहीर केलं. कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. प्रयोगातलं ज्याला कळतं असा माणूस वरच्या खुर्चीत होता म्हणून हे झालं.

डॉ_शुभदा

मंदारदादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी कर्करोग विभागात काम करते, आमच्याकडची एक गोष्ट जोडते.

पेंब्रोलिझुमॅब, म्हणजे कीट्रूडा. फुप्फुस, त्वचा आणि आणखी कितीतरी कर्करोगांवर आज हे वापरतात. २०२३ मध्ये ते जगात सर्वाधिक विक्री असलेल्या औषधांत अग्रभागी होतं, सुमारे २५ अब्ज डॉलर. पण मर्कने ते शोधलेलं नाही. त्याचं मूळ ऑर्गनॉन या डच कंपनीत आहे. ऑर्गनॉन २००७ मध्ये शेरिंग-प्लाऊकडे गेली, शेरिंग-प्लाऊ २००९ मध्ये मर्ककडे. त्या गडबडीत हा प्रकल्प बाजूला ठेवला गेला, दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायच्या यादीत गेला. २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीच्या इपिलिमुमॅबचे निकाल आले, रोगप्रतिकारशक्ती मोकळी केली तर त्वचेच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात हे दिसलं, तेव्हा कुठे ही फाइल परत उघडली. सप्टेंबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

दरम्यान ऑस या डच गावातलं ऑर्गनॉनचं संशोधन केंद्र बंद करायचं २०१० मध्येच ठरलं होतं.

मला यात वाया गेलेला वेळ सलतो. ज्या रुग्णांना आज हे देऊन दोन-तीन वर्षं मिळतात, तसे रुग्ण तेव्हाही होते. भारतात तर एकेका डोसचा खर्च लाखांच्या घरात जातो, तो मुद्दा वेगळाच.

ताळेबंद

दोन्ही उदाहरणं ताकदीची आहेत, मान्य. पण ती माझ्याच बाजूनेही वाचता येतात. छोट्या कंपन्या शोधतात, मोठ्या विकत घेतात आणि बाजारात नेतात. एफडीएने २०१८ मध्ये ५९ नवी औषधं मंजूर केली, २०२३ मध्ये ५५. ही संख्या काही पडलेली नाही. संशोधन मेलं नाही, पत्ता बदलला. मोठ्या कंपनीने सगळं घरातच शोधलं पाहिजे हा हट्ट का?

प्रयोगवही

हा प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

छोटी कंपनी शोधते ते मोठी कंपनी विकत घेईल अशा आशेवर. म्हणजे कशावर शोधायचं हे शेवटी खरेदीदारच ठरवतो. कर्करोग आणि दुर्मीळ आजारांत हे चालतं, कारण किंमत हवी तेवढी लावता येते. प्रतिजैविकांचं काय? नवं प्रतिजैविक डॉक्टर जपून वापरणार, सात दिवस देऊन थांबवणार. विक्री होणार कशी? ॲस्ट्राझेनेका, सनोफी, नोव्हार्टिस एकामागून एक या कामातून बाहेर पडले. अकेओजेन या छोट्या अमेरिकी कंपनीने प्लाझोमायसिन शोधलं, २०१८ मध्ये मंजुरी मिळवली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरी पत्करली. औषध यशस्वी होऊनही! जिथे खरेदीदार नाही तिथे तुमची रचना कोसळते, आणि आपल्या आयसीयूत नेमकी तीच औषधं हवी आहेत. डॉ. शुभदा सांगतील, केमो घेतलेला रुग्ण कर्करोगाने जातो तसाच जंतुसंसर्गानेही जातो.

आणि आता आपल्या मातीतलं उदाहरण. वोखार्टचं संशोधन केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. जग प्रतिजैविकं सोडत असताना तिथे ती सोडली नाहीत. मधे कंपनी कर्जाच्या मोठ्या अडचणीत आली, तरीही सोडली नाहीत. २०२० मध्ये लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनला भारतात मंजुरी मिळाली. न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन त्यानंतर आलं, तीन दिवसांचा कोर्स आहे, बायरॅक या जैवतंत्रज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचीही त्यात मदत होती. झिडेबॅक्टम आणि सेफेपाइमची जोडी हट्टी जंतूंवर त्याच केंद्राने उभी केली.

या केंद्राच्या सुरुवातीच्या शोधनिबंधांवरची नावं बघा. त्यात डॉ. नोएल डिसूझा आहेत. हेच मुलुंडला फोर्स्कोलिनच्या कामात होते, होक्स्टच्या केंद्राचे प्रमुख होते. मंदारने न्यूटन यांच्याबद्दल जे सांगितलं तेच महाराष्ट्रातही घडलं. मुलुंडची पाटी बदलली, पण तिथली कामाची रीत माणसांबरोबर औरंगाबादला गेली. ज्या माणसांना अशी दुसरी जागा मिळाली नाही त्यांची रीत त्यांच्याबरोबरच संपली. असे कितीतरी जण मी पाहिले. कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी पेटंटच्या ऑफिसांत गेले, कोणी नोंदणीच्या कागदपत्रांचं काम धरलं. प्रामाणिक कामं आहेत ती, पण वीस वर्षं एका प्रकारच्या रेणूंवर काम करून हाताला आलेलं ज्ञान तिथे लागत नाही, आणि ते पुढच्या पिढीला देताही येत नाही.

पत्ता बदलला म्हणता, ते इमारतीबद्दल खरं आहे. माणसांना नवा पत्ता मिळतोच असं नाही. आपल्याकडे तर फारच कमी जणांना मिळतो, कारण बोस्टनला एक प्रयोगशाळा बंद झाली की शेजारी वीस असतात. मुलुंडच्या शेजारी काय होतं?

बाळकाका_पिंपरी

सर्वांना नमस्कार. खाजगी कंपन्यांबद्दल चाललं आहे, पण पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, मुख्य काम पेनिसिलिन बनवायचं. तरी डॉ. थिरुमलाचार यांनी तिथे मातीतले सूक्ष्मजीव गोळा करून बुरशीवरचं हमायसिन शोधलं. त्या सूक्ष्मजीवाचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आमच्या पिंपरीचं नाव शास्त्रात गेलं.

त्या काळी आसपास राहणाऱ्या आम्हा मुलांना त्याचं फार अप्रूप होतं. ही साहेब मंडळी पिशवीत माती नेतात आणि त्यातून औषध काढतात. मी पुढे त्यामुळेच सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. आता त्या आवारापाशी गेलो की नव्या मुलांना इथे काय झालं होतं ते सांगतो. बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

सह्यवेडा, बाळ, तू अजून लहान आहेस. या चर्चेने खचू नकोस.

सह्यवेडा

काका, खचलो नाही, उलट बरं वाटलं. ताई आणि मंदारदादा, एक सरळ प्रश्न. मला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक मोठी कंपनी आहे, तिचं पुण्याजवळ संशोधन केंद्र आहे. दुसरी बंगळुरूची छोटी कंपनी, पगार कमी. खरं संशोधन कुठे चालतं हे मुलाखतीत कसं ओळखायचं?

प्रयोगवही

इमारतीवर आणि उपकरणांवर जाऊ नकोस, ती सगळीकडे चकचकीत असतात. हे विचार: रेणू बनवणारा माणूस जीवशास्त्राच्या बैठकीला बसतो का? चाचणीचे निकाल त्याला थेट दिसतात का, की वरिष्ठांकडून गाळून येतात? गटप्रमुख किती वर्षं त्याच विषयावर आहे? दर दीड वर्षाने प्रमुख बदलत असेल तर जाऊ नकोस. शोधनिबंध छापू देतात का, आणि शेवटचा कधी छापला? जमलं तर प्रयोगशाळेतून एक फेरी मारू द्या म्हणावं आणि बेंचवरच्या एखाद्या मुलाला विचारावं, "हा रेणू कशासाठी बनवतो आहेस?" त्याला दोन मिनिटं सांगता आलं तर ती जागा बरी.

मंदार_एडिसन

ताईंच्या यादीत एक घाल. मागच्या वर्षी बंद केलेला एखादा प्रकल्प सांगायला सांग, आणि तो कोणी, कुठला निकाल बघून बंद केला ते विचार. गोपनीय गोष्टी वगळूनही हे सांगता येतं. प्रयोगाचं नाव ऐकू आलं तर पुढे बोल. 'पोर्टफोलिओचा निर्णय होता' एवढंच उत्तर आलं तर बंगळुरूला जा, पगार कमी असला तरी. हवं तर व्यक्तिगत निरोप पाठव, तिथल्या कामाबद्दल मला थोडं ठाऊक आहे.